ट्यूनिसचा मेणाचा सरदार

दोह्यात बारा वर्षं काढलेल्या माणसाला अरब देशात गाईड लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. या मतापायी मी ट्यूनिसमध्ये एका परक्या गृहस्थाची दाढी धरली.

सासूबाई नाशिकहून आमच्या दोह्यातल्या फरीज बिन ओमरान भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या. जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. लग्नाला पंधरा वर्षं होऊनही ‘जावई मनाने चांगले आहेत’ यापलीकडे त्यांनी माझं कौतुक केलेलं नव्हतं. (बुद्धीबद्दल बोलण्यासारखं काही नसलं की माणसं मनावर येतात.) यंदा त्यांच्या तोंडून माझ्या डोक्याची तारीफ ऐकायचीच, असा पण करून मी त्यांना, बायको गौरीला आणि लेक इराला घेऊन ट्यूनिसला गेलो.

आणि शहर तरी काय देखणं! पिवळ्या-निळ्या दारांवर काळ्या खिळ्यांची नक्षी, बोळांवर कमानी, कोपऱ्याकोपऱ्यावर जाईचे तुरे विकणारे. सासूबाई दर दारापुढे थांबायच्या. एक गाईड आडवा आला, त्याला मी ‘शुक्रन, खलास’ (आभार, पुरे) एवढ्यात वाटेला लावलं आणि मान ताठ करून पुढे निघालो.

पुढे एक भलंमोठं निळं दार उघडं दिसलं. आत बोळकंडीत चपलांची रांग. चपला बाहेर काढायच्या म्हणजे वास्तू महत्त्वाची, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आम्हीही आपल्या ओळीने लावल्या. आत फरशांनी मढवलेला चौक, मध्ये लिंबाचं झाड. एका बाईंनी हसून या या अशी खूण केली. त्यांच्या हातात डाव होता.

“इथल्या म्युझियमच्या स्टाफला पारंपरिक वेष असतो,” मी सासूबाईंना समजावलं.

मग मला चेव आला. ही राणीची बैठक, हा खजिना (त्यात गाद्या होत्या). शेवटी एका कोनाड्यातल्या पलंगावर लाल टोपी घातलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा दिसला.

“हा मेणाचा पुतळा. इथला जुना सरदार.”

“बाबा, ही इज ब्रीदिंग,” इरा म्हणाली.

आतून मोटर बसवलेली असते, असं मी सांगितलं. गौरीने कपाळाला हात लावला. सासूबाई मात्र हवेत नाक वर करून उभ्या होत्या.

“मिलिंदराव, म्युझियममध्ये कांदा कोण परततं?”

पण तोवर कारागिरी दाखवायला मी सरदाराची दाढी चिमटीत धरलेली होती. सरदाराने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, माझ्या चिमटीकडे पाहिलं, आणि शांतपणे सरकून मला बसायला जागा करून दिली. मला तिथल्या तिथे मेण होऊन वितळावंसं वाटलं.

त्या घराने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सासूबाई मासे खात नाहीत हे खुणांनी कळताच बाईंनी त्यांच्यासाठी भोपळा आणि छोले घातलेला, जाड रव्यासारखा कुसकुस वेगळा वाढला. सासूबाईंनी पिशवीतून नाशिकच्या चिवड्याचा डबा काढून दिला. बाईंनी तो रिकामा परत केला नाही, खजूर भरलेल्या वड्यांनी भरून दिला. “ही आपलीच माणसं,” असं म्हणताना सासूबाईंचे डोळे भरून आले होते. गाईड असता तर फक्त म्युझियम दिसलं असतं, असंही त्या म्हणाल्या. ही तारीफच, असं मी धरून चाललो.

दोह्याला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी जवळच्या अल वक्राहून स्नेही आले. मी जेवून सोफ्यावर डोळे मिटून आडवा होतो. सासूबाईंनी त्यांना दारातच सगळी हकिगत सांगितली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

“आमच्याकडेही एक पुतळा आहे. तिथला निदान हात लावल्यावर सरकला तरी.” मग म्हणाल्या, “पण मनाने चांगले आहेत हो.”

मी जागाच होतो. पुतळ्याने मध्ये बोलायचं नसतं, म्हणून श्वास रोखून पडून राहिलो.