मनोहरकाकांचं ग्रीनहाउस

"ही अगरबत्ती धर, आणि धूर कुठे जाते ते सांग." मनोहरकाका माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्यांच्या घरी वरची खोली भाड्यानं मिळेल का, हे विचारायला गेले होते. काका मागच्या अंगणातल्या ग्रीनहाउसमध्ये गुडघ्यांवर बसले होते. सरळ वर जाणारा धूर दाराच्या खालच्या कोपऱ्याशी थरथरला आणि आत वळला. मी बोट दाखवलं. काकांनी तिथे रबराची पट्टी चिकटवली. "आधी फटी बुजवाव्या, मग हीटर घ्यावा. लोक उलटं करून राहिले," ते म्हणाले. नाव-गाव त्यांनी त्यानंतर विचारलं.

काका मूळचे नागपूरचे, औषधांच्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. मी सांगोल्याकडच्या गावातली, घरातली पहिली पदवीधर. एमएस करायला इथे आले तेव्हा बँकेत खातं कसं उघडायचं इथपासून सगळं त्यांनी शिकवलं. मी आभार मानले की म्हणत, "आभार नको मानू, भांडी घास."

ग्रीनहाउस मात्र त्यांच्या बायकोचं, शैलाकाकूंचं. थंडीच्या आधी आसपासची मराठी कुटुंबं आपल्या कढीपत्त्याच्या, मोगऱ्याच्या कुंड्या काकूंकडे आणून सोडत आणि एप्रिलमध्ये परत नेत. काकू त्याला माहेरपण म्हणत. एखादी कुंडी सुकलेली आली की आणणाऱ्याला ऐकवत, "सासरी जेवायला घालत नाही का रे हिला?" मधोमध जमिनीतच लावलेलं त्यांचं स्वतःचं कढीपत्त्याचं झाड होतं, बियांपासून वाढवलेलं, छताला टेकलेलं.

मी आले त्या वर्षी काकूंची कॅन्सरची केमो चालू होती. औषधामुळे त्यांना गारवा सोसत नसे. दाराच्या मुठीला हात लागला तरी बोटांत सुया टोचत. डॉक्टरांनी मातीला हात लावू नका, ओल्या मातीच्या कुंड्या घरात ठेवू नका, असं बजावलं होतं. काकूंचं एवढंच मागणं होतं की हिवाळाभर आपल्या झाडाशेजारी रोज थोडं बसता यावं. काका फटी शोधत होते ते त्यासाठी.

कुलकर्णीकाका, त्यांचे जुने मित्र, कॅम्पिंगचा गॅस हीटर घेऊन आले. "फुकट आहे यार, घे! विजेच्या बिलानं मरशील." काकांचा कॅलिफोर्नियातला मुलगाही फोनवर म्हणाला, "बाबा, इट्स फाइन. सगळे वापरतात." काकांनी हीटर सगळ्या बाजूंनी पाहिला. "याला धुराडं नाही. खिडकी उघडी ठेवली तर ऊब राहत नाही, बंद केली तर हवा राहत नाही, माणूस झोपेतच जाते. जिथे माणूस बसते तिथे ज्योत नको," असं म्हणून त्यांनी तो गराजच्या फळीवर ठेवून दिला.

मग त्यांनी काचांना आतून बबल रॅप लावलं, झाडाभोवती जाड प्लॅस्टिकचा पडदा टांगून कोपरा वेगळा केला. इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन टाकून घेतली आणि ओलाव्यात चालणारा, थर्मोस्टॅटचा विजेचा हीटर बसवला. "बाकीच्या कुंड्या गोठल्या नाही म्हणजे झालं. फक्त शैलाचा कोपरा तापवू. सारं घर कशाला तापवा?" बिल बेताचं आलं तेव्हा त्यांनी ते कुलकर्णीकाकांना फोनवर वाचून दाखवलं.

काकू मोजे, टोपी, शाल घालून तिथे बसत. एकदा मला म्हणाल्या, "लग्नानंतर चाळीस वर्षं या माणसानं मला कधी फूल आणलं नाही. आता बघ, आख्खी बाग तापवतोय." काका पडद्याआडून ओरडले, "फूल आणलं असतं तर म्हणाली असती, महाग पडलं!"

जानेवारीत बर्फाचा पाऊस झाला. तारांवर झाडं कोसळली आणि वीज गेली. घरात धुराड्याची गॅसची शेकोटी होती, तिच्यापुढे काकूंना बसवलं. मी जनरेटर शोधायला बाहेर पडले, पण कुठल्याच दुकानात उरला नव्हता. परत येऊन मी आणि काकांनी लोकांच्या सगळ्या कुंड्या गराजमध्ये ओढून नेल्या. जमिनीतलं झाड कुठे नेणार?

"अहो, लावा ना तो गॅसचा," काकू म्हणाल्या. "एका रात्रीचा प्रश्न आहे."

"नाही."

"मी नाही जाणार आत. कुलूप लावा हवं तर."

"किल्ली तुला सापडते. माझा डोळा लागला की तू जाऊन बसशील."

"झाड मरेल माझं."

"मरू दे," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका कोरडा मी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी झाडाला घरातल्या सगळ्या रजया गुंडाळल्या. वीज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. तोवर पानं काळी पडून लोंबत होती. काकूंनी एकदाच खिडकीतून पाहिलं. त्यानंतर त्या काकांशी कामापुरतंच बोलत. काका चहा पुढे करत, त्या कप घेत, आणि मान दुसरीकडे वळवत. कोपऱ्यात त्या पुन्हा गेल्या नाहीत.

फेब्रुवारीत त्यांना हॉस्पिटलमध्ये हलवलं. एका दुपारी काका औषधं आणायला खाली गेले होते. काकूंनी मला जवळ बोलावलं. "त्या रात्री तो गॅसचा लावला असता ना, तर मी गेले असते गं आत," त्या म्हणाल्या. "ते झोपायचीच काय ती वाट बघितली असती. त्यांना सांगू नकोस. उगाच शेफारतील." बोलून त्या थोड्या हसल्याही. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. काका जेवणाच्या टेबलाशी एकटे बसले होते. "तिला शेवटचं जे हवं होतं तेच मी मरू दिलं," ते म्हणाले. "आणि वाचवलं काय? तीही गेलीच."

मला राहवलं नाही. काकू काय म्हणाल्या होत्या ते मी सांगितलं. काकांनी समोरची रिकामी खुर्ची टेबलाखाली सरकवली.

"ते मला ठाऊक होतं गं," ते म्हणाले. "पण हे तिनं माझ्याजवळ म्हणायला पाहिजे होतं ना. भांडण तर मिटलं असतं."