नर्सबाईंचा बर्फ

दौंडहून राहू गावाला निघालेल्या एसटीत त्या दिवशी असं ऊन होतं, की ड्रायव्हरच्या मिशा करपल्याचा वास मला मागच्या बाकावर आला. शेजारच्या नर्सबाई लसीचा डबा मांडीवर घेऊन त्यावर पदराची सावली धरून बसल्या होत्या. त्यांचा डोळा लागताच मी डब्यातल्या बर्फाच्या पिशव्या काढून मानेला लावल्या.

बाई जाग्या झाल्या, तोवर बर्फाचं पाणी झालेलं.

"लस हाय की आत!" मी दात काढले.

"हाय, पण वाया गेली. टोचली तर पोरं रडतील तेवढी, गोवर थांबायचा न्हाई."

राहूच्या स्टँडवर आया लेकरं घेऊन उभ्याच होत्या. आज लस टोचता येणार नाही, असं बाईंनी उतरताच सांगितलं.

"बाई, खुरपणं टाकून आलोय!" एकजण ओरडली.

"मला झोप लागली, बर्फ वितळला. माझीच चूक," बाई म्हणाल्या.

मी शेजारीच होतो. जन्मभर थापा मारणाऱ्या माझ्या तोंडून तेवढं एक खरं निघालं नाही.