मामाजींचा डेक

अख्खी नोकरी भिलाईत करून, निवृत्तीनंतर बोरसीला घर बांधून, तरीही भिलाई-दुर्गातल्या एकाही कारागिरावर विश्वास न ठेवणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या नवऱ्याचा मामा आहे. मामाजी मूळचे भंडाऱ्याकडचे, भिलाईच्या पोलाद प्लांटातल्या रोलिंग मिलमधून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा चष्मा नागपूरचा, चपला नागपूरच्या, दाताची कवळीसुद्धा नागपूरची. एकदा ती कवळी तुटली. दुर्गात गल्लोगल्ली दातांचे डॉक्टर असताना मामाजींनी नागपूरला जायचा योग येईपर्यंत पातळ वरण आणि मऊ भातावर दिवस काढले. मी कारण विचारलं तर तोंडावर रुमाल धरून म्हणाले, "ज्यानं बनवली त्यालेच तिचा स्वभाव माहीत."

इथला कारागीर चुकून दारात आलाच, तर त्याची अंगणात मुलाखत होई. पंखा दुरुस्त करायला आलेल्या एका माणसाला त्यांनी हेल्मेट कुठे आहे, रबरी बूट कुठे आहेत, शिडी कोण धरणार, पडलास तर घरी कोणाला कळवायचं, असं सगळं विचारलं. तो बिचारा पाणी पिऊन परत गेला, आणि मामीजी पुढे कित्येक दिवस तो पंखा काठीनं ढकलून सुरू करत राहिल्या. मामाजींच्या मनात वाईट काही नसे. कामाच्या जागी कोणाला इजा झालेली त्यांना बघवत नसे, आणि घर हीसुद्धा त्यांच्या लेखी कामाचीच जागा होती.

त्या घराची मागची जमीन उताराची. स्वयंपाकघराच्या दारातून अंगणात उतरायला पायऱ्या होत्या, आणि मामीजींचे गुडघे पायऱ्यांना केव्हाच कंटाळले होते. तेवढ्यात परदेशातल्या मुलानं तिकडच्या घराचा फोटो पाठवला. दाराला लागून, दाराच्याच उंचीवर लाकडी फळ्यांचा ऐसपैस मंच. तिकडे त्याला डेक म्हणतात. मामाजींनी अर्थातच नागपूरहून सुतार बोलावला आणि लोखंडी सांगाड्यावर फळ्या ठोकून तसाच डेक करून घेतला. तेव्हापासून मामीजींचं बाहेरचं सगळं जग त्या डेकवर भरू लागलं. सकाळचा चहा तिथे, भाजी निवडणं तिथे, बिजोरी-पापड वाळवणं तिथे, आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीशी गप्पाही तिथेच.

काही पावसाळे गेले आणि फळ्या फुगल्या, मग कुजल्या, मग त्यांत वाळवी शिरली. मामाजींनी नागपूरच्या सुताराला फोन लावला. तो म्हणाला, "येऊन राहिलो साहेब." प्रत्येक वेळी तो हेच म्हणे आणि प्रत्येक वेळी मामाजींना ते खरं वाटे. तोवर त्यांनी आपल्या पद्धतीनं बंदोबस्त केला. कुजक्या फळ्यांवर खडूनं फुल्या मारल्या, कोपऱ्यात लाल-पांढरी पट्टी बांधली आणि सुरक्षित वाट बाणांनी दाखवली. आम्ही भिलाईच्या हुडको कॉलनीतून त्यांना भेटायला जायचो तेव्हा हातात चहाचा कप धरून लंगडीच्या खेळासारखे उड्या मारत खुर्चीपर्यंत पोहोचायचो. मला हसू येई. माझ्या ओळखीचे लाकूडकामाचे एक चांगले मिस्त्री रुआबांध्याला आहेत, असं मी दोन-तीनदा सुचवलंही. मामाजी म्हणत, "असतील. पण हा डेक त्यांचा नाही नं."

एका सकाळी मी तिथेच स्वयंपाकघरात होते. मामीजी पापड उलटायला डेकवर गेल्या आणि कडकन आवाज झाला. धावत गेले तर त्यांचा एक पाय मांडीपर्यंत फळीतून खाली गेलेला. त्या फळीवर खडूची फुली नव्हती. मामाजी दाढी अर्धवट सोडून आले. आम्ही दोघांनी मिळून, फळीचे तुकडे हातानं मोडत, त्यांना हळूहळू वर काढलं. पाय खरचटला होता, बाकी काही नाही. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं, पण मामाजींनी ते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

घरी आल्यावर मामीजी उंबऱ्याच्या आत खुर्ची घेऊन बसल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "तुमचा माणूस येईन तवा येईन," त्या म्हणाल्या. "तवरीक मी कुठं बसू, तेवढं सांगा."

थोड्या वेळानं मामाजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सूनबाई, तुया त्या मिस्त्रीले बोलाव."

मिस्त्री आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, फोनवर बोलत, आणि मामाजींनी मुलाखत सुरू करायच्या आत डेकखाली शिरलेसुद्धा. बाहेर येऊन म्हणाले, "बाबूजी, लकड़ी तो कब की चली गई, बस पेंट खड़ा है." दुसऱ्या दिवशी ते सांगाड्यासाठी वेल्डर घेऊन आले. मामाजी डोक्यावर प्लांटातलं जुनं हेल्मेट चढवून दारात बसले आणि खिळे की स्क्रू यावरून मिस्त्रींशी रीतसर भांडले. कधी ते जिंकत, कधी मिस्त्री. हळूहळू भांडण छत्तीसगढीत होऊ लागलं. मामाजींना ती इतकी सफाईनं येते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. सांगाड्याचे गंजलेले पाय बदलले, सालवृक्षाच्या लाकडाच्या नव्या फळ्या बसल्या, त्यांना तेल पाजलं गेलं, आणि शेवटी मिस्त्रींनी मामीजींसाठी न मागता एक कठडाही लावून दिला.

तरीही मामाजींनी मामीजींना लगेच पाऊल ठेवू दिलं नाही. आधी लोड टेस्ट, म्हणजे वजन पेलण्याची चाचणी, होणार होती. रविवारी संध्याकाळी त्यांनी मिस्त्री, वेल्डर, आम्ही आणि गल्लीतले झाडून सगळे शेजारी बोलावले आणि डेकवर दाटीवाटीनं उभे केले. मग आम्हाला जागच्या जागी उड्या मारायला लावून स्वतः हेल्मेट घालून डेकखाली बॅटरी घेऊन बसले. कुठे काही करकरलं नाही. वर आले तेव्हा गुडघ्यांना माती होती आणि चेहरा खूप दिवसांनी सैल झाला होता. त्यांनी मामीजींचा हात धरला आणि उंबऱ्यापासून कठड्यापर्यंत चालवत नेलं. खुर्चीत बसवल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं आणि ते म्हणाले, "त्या दिवशी मले लय भेव लागलं होतं." मामीजींनी फक्त बाजूची खुर्ची पुढे सरकवली.

मग चहा झाला, आलूबोंडे झाले. मिस्त्री कठड्याला टेकून सगळ्यांना सालच्या लाकडाचे गुण सांगत होते. मुलगा परदेशी गेल्यापासून त्या घरात एवढी माणसं एका वेळी जमली नव्हती. दिवे लागले तशी कोणीतरी उठून विचारलं, "टेस्ट झाली न साहेब? निघायचं?"

मामाजींनी गर्दीवरून एकवार नजर फिरवली. "थांबा जरा," ते म्हणाले. "वजन आणखी थोडा वेळ राहू द्या."