हरणांच्या आठवड्यातलं पाणी

कल्पना करा, चीजच्या कारखान्यात जिथे दूध उतरवून घेतात त्या दारालगतच्या छोट्या खोलीत तुम्ही बसला आहात. समोर संगणक. पडद्यावर रिकाम्या जागा: आठवडाभरात दूध किती आलं, वीज किती लागली, गॅस किती, पाणी किती. तुम्ही आकडे भरता, बटण दाबता आणि कोपऱ्यातलं हिरवं पान जरासं मोठं होतं. खाली अक्षरं उमटतात, 'अभिनंदन! तुम्ही इतके बाथटब भरतील एवढं पाणी वाचवलंत.' तुम्हाला बरं वाटेल की नाही?

लॉर्नाला वाटलं नाही. पहिल्याच दिवशी तिने मुद्दाम पाण्यापुढे शून्य लिहिलं. कारखान्यात चीज बनतंय, पातेल्यांपासून जमिनीपर्यंत सगळं धुतलं जातंय आणि पाणी शून्य! सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. पान ढेकर दिल्यासारखं फुगलं आणि अभिनंदन झालं. तिने शून्य खोडून खरा आकडा भरला, पण त्या पानाची आणि तिची मैत्री तिथेच संपली.

लॉर्ना व्हँडहाय हिचं कामच संशय घेण्याचं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ब्रुस्कींच्या या कारखान्यात दुधाचा प्रत्येक टँकर आधी तिच्या दारात थांबतो. ती शिडी चढून नमुना काढते, त्यात पट्टी बुडवते. गाईला टोचलेल्या औषधाचा अंश दुधात निघाला की अख्खा टँकर बाद. ड्रायव्हर खालून ओरडतात, "अगं, कालच माझ्या बायकोने केलेला केक खाल्लास ना!" ती वरूनच म्हणते, "त्याचाही तुकडा तपासूनच खाल्ला." नोकरी नवीन असताना तिने सख्ख्या वडिलांनी आणलेला टँकर बाद केला होता. दूध त्यांचं नव्हतं, ते नुसते चालक. तरी नाताळपर्यंत त्यांनी तिच्याशी अबोला धरला.

म्हणूनच मालक रँडल ब्रुस्कीने हे सॉफ्टवेअर तिच्या गळ्यात घातलं. दोघं लहानपणी शाळेच्या एकाच बसने जायचे. "तुझा कुणावरच विश्वास नसतो," तो म्हणाला, "तेव्हा तू भरलेल्या आकड्यावर सगळ्यांचा बसेल." त्यांचं चीज घेणाऱ्या मोठ्या दुकानवाल्यांना आता चीजबरोबर पाण्याच्या बचतीचा पुरावाही हवा होता.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला. त्या आठवड्यात गावातले पुरुष भडक नारिंगी जाकिटं घालून जंगलात गडप होतात. कारखान्यातली पातेली-जमीन धुणारी टोळीही त्यातच. टोळीचा म्होरक्या व्हर्न हा लॉर्नाच्या धाकट्या बहिणीचा, जीनीनचा नवरा. एरवी शनिवार-रविवारी येणाऱ्या मारिसोल आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी तो आठवडा सांभाळला.

आठवडा संपल्यावर लॉर्नाने कारखान्याच्या विहिरीवरच्या मीटरचा आकडा भरला आणि पान एकदम पडद्याच्या मध्यापर्यंत वाढलं. पाणी जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. ती पुन्हा जाऊन मीटर बघून आली. आकडा तोच.

रँडल कॉफीचा मग घेऊन आला तो शीळ घालतच. "बघितलंस? व्हर्नची माणसं वर्षभर नुसती पाणी ओततात. या बायकांनी तेच काम निम्म्या पाण्यात केलं! शुक्रवारपर्यंत दुकानवाल्यांना हे पाठव. आणि वसंतात व्हर्नच्या टोळीचं काय करायचं ते बघावं लागेल."

"काय करायचं म्हणजे?"

"म्हणजे एवढी माणसं लागतात का, ते."

"आधी खात्री करते."

"कसली खात्री? आकडा हिरवा आहे!"

"औषध मिसळलेलं दूधही पांढरंच दिसतं, रँडल."

तिला पहिला संशय आला मारिसोलचा. पाणी वाचलं म्हणजे धुण्यात कुठेतरी काटछाट झाली असणार, आणि न धुतलेल्या पातेल्यातलं चीज लोकांच्या पोटात जाणार. जेवणाच्या सुट्टीत तिने सरळ विचारलं, "खळबळणं एखादं कमी केलंत का?"

मारिसोलने घास खाली ठेवला. "व्हर्नला विचारलंस कधी असं? त्याच्या टोळीला?"

"मी सगळ्यांनाच विचारते."

"सगळ्यांना विचारतेस, पण सुरुवात नेहमी आमच्यापासून. जा, पातेल्यात डोकं घालून वास घे."

लॉर्नाने खरंच पातेली गाठली. आतल्या कोपऱ्याकोपऱ्यांतून कापसाचे बोळे फिरवून तपासणीच्या यंत्रात घातले. सगळे स्वच्छ. व्हर्नच्या हाताखाली निघायचे तितकेच स्वच्छ. मारिसोलची क्षमा मागायला हवी होती, पण तेवढ्यात दुसरा संशय उभा राहिला. धुणं पूर्ण झालं असेल, तर पाणी कमी लागलं कसं?

धुण्याचं सांडपाणी मागच्या टाकीत साठतं आणि एलरॉय नावाचा गडी ते ट्रकने शेतांवर नेऊन सोडतो. लॉर्नाने त्याला फाटकातच अडवलं. "त्या आठवड्यात तुझ्या खेपा कमी झाल्या ना?"

"कमी? नेहमीइतक्याच. मलाही हरणं मारायला जायचं होतं गं बाई, जमलं नाही!"

लॉर्ना तिथेच उभी राहिली. बाहेर जाणारं पाणी तेवढंच, विहिरीतून आलेलं मात्र निम्मं. म्हणजे उरलेलं पाणी दुसरीकडून आलं होतं, आणि त्या पानाला पत्ताच नव्हता.

धुण्याच्या खोलीतल्या नळापासून ती पाइपच्या मागे मागे निघाली. पाइप भिंतीतून पलीकडे गेला, निवळीच्या खोलीत. चीज जमल्यावर जी निवळी उरते, ती तिथलं एक यंत्र आटवतं आणि तिच्यातलं पाणी वेगळं काढतं. कारखान्यात त्याला 'गाईचं पाणी' म्हणतात. भलतं काही नव्हे, दुधातलंच पाणी. ते आजवर सरळ गटारात जायचं. त्या पाइपवरचा व्हॉल्व्ह आता उघडा होता. 'बंद ठेवा' ही व्हर्नच्या अक्षरातली पाटी तुटलेल्या तारेसकट खाली पडली होती.

मारिसोल म्हणाली, "आम्ही आलो तेव्हा उघडाच होता. आम्हाला वाटलं, असंच असतं." या वेळी लॉर्नाने तिची क्षमा मागून घेतली. मारिसोल म्हणाली, "लिहून दे. कुणाला खरं वाटणार नाही."

व्हर्न घरी गॅरेजमध्ये होता. छताला हरण टांगलेलं आणि तो सॉसेजसाठी मांस कापत बसलेला. "या इन्स्पेक्टरीणबाई! माझ्या हरणाचाही नमुना पाहिजे का?"

"तो व्हॉल्व्ह तू उघडलास?"

सुरी थांबली. "मी? तो बंद करणाराच मी."

"का?"

"आधी एवढ्यासाठी, की ते पाणी कुणी तपासलं नव्हतं. पहिल्या धुण्याला तरी चालेल का, कुणाला ठाऊक?"

"आणि नंतर?"

व्हर्नने हात पुसले. "नंतर तुझं ते पान आलं. आकडा खाली गेला की रँडल काय म्हणणार ते मला कळत नाही का? पाणी कमी म्हणजे माणसं कमी. म्हटलं, राहू दे बंद."

"म्हणजे वर्षभर तू पाणी वाया घालवलंस."

"माझ्या टोळीतली पोरं वाया जाण्यापेक्षा बरं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण उघडला मी नाही, लॉर्ना. मी झाडावर बसून थंडीने कुडकुडत होतो. जीनीनला विचार."

जीनीन दारातून म्हणाली, "खरंय. आणि फोनवरून कुडकुडतही होता."

लॉर्नाने व्हॉल्व्ह बंद करून पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पाठवली आणि त्या आठवड्यातला माल कोठारात अडकवून ठेवला. शुक्रवार आला आणि गेला. रँडल लालबुंद होऊन दोनदा खोलीत डोकावला. ती टँकरच्या शिडीवर चढून बसली. अहवाल आला: पाणी स्वच्छ, पहिल्या धुण्याला चालेल, मात्र शेवटचं धुणं विहिरीच्याच पाण्याने हवं. ते त्या आठवड्यातही विहिरीच्याच पाण्याने झालं होतं. तिने माल सोडला आणि व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने उघडला.

सॉफ्टवेअरमध्ये 'बचत कशामुळे झाली' अशी एक जागा होती, जी आजवर सगळ्यांनी कोरीच सोडली होती. तिथे तिने लिहिलं, निवळीतलं पाणी वापरल्यामुळे. धुणाऱ्या माणसांच्या कामात काहीही फरक नाही. आणि मगच दुकानवाल्यांना पाठवायचं बटण दाबलं. आता तो आकडा दाखवून व्हर्नच्या टोळीला नावं ठेवणं रँडलला जमणार नव्हतं. दुकानवाल्यांकडे तेच वाक्य गेलं होतं.

रँडलने पडदा वाचला. बराच वेळ वाचला. "माणसांचं लिहायची काय गरज होती?"

"खरं आहे ना?"

"आहे. चांगलं झालं," तो म्हणाला आणि गावात दर शुक्रवारी होणाऱ्या तळलेल्या माशांच्या पंगतीचं आमंत्रण देऊन निघाला.

तो जाईपर्यंत लॉर्ना त्याच्याकडे बघत राहिली. ऑफिसातला शेवटचा डोनट कुणी खाल्ला याची सकाळभर चौकशी करणारा हा माणूस. इतके दिवस बंद असलेला व्हॉल्व्ह, नेमका व्हर्न जंगलात असतानाच उघडतो, आणि कुणी उघडला हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. ती खुर्ची मागे सारून दारापर्यंत गेली.

"रँडल," तिने हाक मारली, "हरणांच्या आठवड्यात निवळीच्या खोलीत कोण गेलं होतं?"