पाण्यातले पत्ते

माझ्या बापानं नकाशावर बुडालेलं गाव परत बसवलं होतं आणि मी ते एका दुपारी पुसलं. पुसताना मला बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी माझ्या रडण्याची वाट पाहणार नाही.

गोसीखुर्दच्या धरणासाठी आमचं गाव उठलं तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. नवीन गावठाणात सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, प्रत्येक दाराला नंबर. माझ्या आईनं त्या प्लॉटाचं घर केलं. मुरमात आंबा जगवला, ओटा बांधून सारवून ठेवला आणि त्याच घरात मेली. बापानं मात्र त्याला कधी घर म्हटलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचा, "प्लॉटावर जाऊन राहिलो." घर म्हणजे त्याच्या लेखी पाण्याखालचंच. जेवताना तेच, आजारपणात तेच, सणावारी तेच. मी दहावीला शाळेत पहिला आलो तर म्हणाला, "गावात असतो तं पारावर पेढे वाटले असते." इथं वाटले नाहीत. आईनं साखर दिली हातावर.

पुढं मी भंडाऱ्यात नोकरीला लागलो. शेतीचं सामान गावोगावी घरपोच देणारं एक दुकान आहे, त्याचं ॲप आम्ही चार जण सांभाळतो. ग्राहकांचे जपून ठेवलेले पत्ते माझ्याकडे. पत्ता म्हणजे दोन गोष्टी: एक लिहिलेला मजकूर आणि एक नकाशावर बोट दाबून लावलेली खूण. फवारणी पंपाचं नोझल मागवता यावं म्हणून बापाला ते ॲप मीच शिकवलं. कुठून बुद्धी झाली देव जाणे.

त्यानं खूण लावली ती थेट धरणाच्या पाण्यात, आमच्या जुन्या घरावर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस वर येतो, त्यावरून त्यानं अंदाज बांधला होता. तेवढ्यावर थांबता तर ठीक. पण हा माणूस पुनर्वसनाच्या गावठाणात दारोदार फिरला. ज्याच्याकडे आमचं ॲप, त्याचा फोन हातात घ्यायचा, चष्मा नाकावर ओढायचा आणि विचारायचा, "तुयं घर विहिरीच्या अल्याड होतं का पल्याड?" मग ज्याच्या त्याच्या घरावर खूण लावून द्यायचा. लोकही हौसेनं लावून घ्यायचे. अडत कोणाचंच नव्हतं, कारण आमचा जुना ड्रायव्हर त्याच भागातला. गावाचं नाव वाचलं की नकाशा न बघता गाडी सरळ नवीन गावठाणात न्यायचा. आम्हाला ऑफिसात पत्ताच नव्हता.

तो ड्रायव्हर सोडून गेला आणि दुसरा आला. तो बिचारा फोनच्या मागं मागं गेला आणि धरणाच्या काठावर उभा राहिला. तिथून त्यानं ऑफिसात फोन करून आमची आई-बहीण काढली. मालकांनी मला बोलावलं. म्हणाले, "पाण्यातले पत्ते बंद कर. लोकांकडून नवीन मागव."

बंद करणं म्हणजे पत्ता राहतो, फक्त ऑर्डरला वापरता येत नाही. ग्राहकाला यादीत फिकट अक्षरांत दिसत राहतो. पुसून टाक, असं ते म्हणाले नव्हते. हे मला तेव्हाही नीट कळत होतं.

मी ते सगळे पत्ते एका नकाशावर उघडले. आधी हसू आलं. निळ्या पाण्यात लाल खुणा, आणि एकही इकडेतिकडे नाही. वेशीपासून पारापर्यंत गल्ली. पारापासून विहिरीकडे वळण. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, काठानं शेवटची घरं. ज्या गावाचं नाव ऐकून माझे कान किटले होते, ते मी पहिल्यांदा ऑफिसच्या स्क्रीनवर पाहिलं. चांगलं होतं गाव, खोटं कशाला बोलू.

बापाला फोन लावला. नीट, आवाज न चढवता.

"बाबा, पत्ते बदलावे लागते. प्लॉट नंबर टाका सगळ्यांचे."

"काहून? सामान तं बरोबर येऊन राहिलं."

"गाडी पाण्यापाशी जाऊन राहिली."

"मंग ड्रायव्हरले समजाव. गावाले कायले समजावून राहिला?"

"गाव नाही आहे बाबा आता."

 मग म्हणाला, "तुयासाठी नसंन. तू प्लॉटातला. तू अन् तुयी माय. तुमाले प्लॉटच गोड लागला."

मला एकट्याला बोलला असता तर गिळलं असतं, सवय होती. आईला मध्ये ओढलं आणि माझं डोकं सणकलं. त्या बाईनं वीस वर्षं त्याच मुरमात विटलेलं मन घेऊन फिरणाऱ्या माणसाला गरम भाकर घातली होती.

पत्ता पुसायची रीत सोपी आहे. ग्राहकाचा क्रमांक द्यायचा, पत्त्याचा क्रमांक द्यायचा, डिलीट म्हणायचं. सर्व्हरकडून उत्तर येतं, दोनशे चार. म्हणजे काम झालं आणि सांगण्यासारखं काही नाही. सगळे पत्ते एका झटक्यात पुसता आले असते. मी एकेक पुसला. वेशीकडून सुरुवात केली. पहिलं घर शिंप्याचं. दोनशे चार. मग दोन भावांचं, एकाच अंगणातलं. दोनशे चार, दोनशे चार. मग मास्तरांचं. पार ओलांडून विहिरीच्या गल्लीत शिरलो. तिथलं चौथं घर आमचं. ते वगळून पुढं गेलो, बोडीपर्यंत साफ केलं, खाली जाऊन चहा पिऊन आलो आणि मग आमचं पुसलं. नकाशावर नुसतं निळं पाणी राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाप एसटीनं भंडाऱ्याला आला. फोन दुपट्ट्यात गुंडाळलेला. ऑफिसच्या दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

"हा फोन नवीन पत्ता टाका म्हणून राहिला. सगळ्यायचाच तसा म्हणते."

"पुसल्या गेले बाबा पत्ते."

"परत टाकून दे ना मंग. तुया हातचं काम आहे."

"येत नाही परत."

हे साफ खोटं होतं. पुसलेल्या माहितीची नक्कल ऑफिसात आठवडाभर राहते. अर्ध्या तासाचं काम होतं. तो माझ्यावर ओरडला असता, चारचौघांत एक ठेवून दिली असती, तर कदाचित केलंही असतं. पण तो मान हलवून पाणी पिऊन निघून गेला, आणि मी आठवडा जाऊ दिला.

त्यानं पुन्हा खूण लावायचा प्रयत्न केला. तोवर मी पाण्यावर खूण लागूच नये अशी सोय केली होती. बोट दाबलं की ओळ यायची: 'या ठिकाणी गाव नाही. दुसरा पत्ता निवडा.' ही ओळ मीच लिहिली. नाकारलेल्या प्रयत्नांची नोंद माझ्यासमोर पडायची. त्याच्याच नंबरावरून, सकाळी चहाच्या वेळी, दुपारी जेवणानंतर, पंधरा दिवस. मग बंद झाली.

पोळ्याला मी गेलो तेव्हा तो आईच्या ओट्यावर चौकटीची वही घेऊन बसला होता. हातानं गाव काढत होता, एका घराला एक चौकोन. वर्षभरात फार थकला होता. मला तीनदा विचारलं, कोणत्या गाडीनं आलास. ज्यांना गल्ल्या पाठ होत्या ते म्हातारे एकेक करून वारले होते, आणि उरलेले दोघे एकमेकांचं खोडून काढायचे. मी शेजारी बसलो. वेशीची गल्ली भरली होती. पाराच्या पुढं, विहिरीच्या गल्लीत तीन चौकोनांत नावं होती. चौथ्यावर पेन्सिल टेकवून तो किती तरी वेळ तसाच बसला होता.

"बाबू," तो म्हणाला. गावाबद्दल त्यानं मला आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं. "या विहिरीच्या गल्लीत चौथं घर कोनाचं होतं रे? मले आठवूनच नाही राहिलं."

मला सगळी गल्ली पाठ होती. पाढ्यासारखी पाठ होती, कारण एकेक घर मीच पुसलं होतं. समोर आईचा आंबा होता. बाप माझ्या तोंडाकडं बघत होता, शाळेतलं पोरगं मास्तरांकडं बघतं तसा.

"मले काय माहीत, बाबा," मी म्हणालो. "मी तं प्लॉटातला."

"हो, बरोबर आहे," तो म्हणाला. त्यानं चौथा चौकोन कोरा सोडला आणि पाचव्यात नाव लिहायला घेतलं.