फोटोत हललेली आसनं

योग शिकवणाऱ्या बाईचं मन शांत असतं असं ज्याला वाटतं, त्याने घाटंजीत माझ्या वर्गाला महिनाभर यावं. रोज एक किस्सा पदरात पडतो आणि रोज डोकं फिरतं. आता तर कोणी नुसतं 'कसा चाललाय वर्ग?' विचारलं तरी मी सुरू होते.

यंदा मी बायांसाठी वाहता क्रम बसवला. म्हणजे एका आसनातून थेट दुसऱ्यात, मध्ये थांबणं नाही, श्वासाबरोबर पुढे सरकायचं. कशातून कशात गेलं की कंबर धरत नाही, हे घरी स्वतः करून, मोडून, पुन्हा जुळवलं. योगदिनाला तो सगळ्यांसमोर पूर्ण करून दाखवायचा, एवढीच बायांची इच्छा. दरवर्षी सतरंज्या त्या घालतात आणि स्टेजवर दुसरेच असतात.

तालीम सुरू झाली आणि वर्गातल्या लताकाकू येईनाशा झाल्या. घरी गेले, तर काका म्हणाले, "दिवसभर वावरात धसकटं वेचते, वाकते, उठते. तेवढा योगा पुरे नाही काय?"

माझ्या ओठांवर उत्तर आलंच होतं. पण काकूच आतून म्हणाल्या, "वावरात मले कोनी म्हनते काय, आता श्वास घे म्हनून?"

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी हजर होत्या.

आमचा हॉल सार्वजनिक. एकदा दुपारी तिथे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता आणि केटरर सकाळीच शेगडी पेटवून बसला. जरा थांबा म्हटलं, तर म्हणे, "तुमी करा नं मॅडम, आमाले काई त्रास नाही."

मी म्हणाले, "दीर्घ श्वास घ्या," आणि त्याने मिरचीची फोडणी टाकली. अख्खा वर्ग खोकत अंगणात. तो झारा हातात घेऊन दारात आला नि विचारतो, "काहून, सरला काय योगा?"

मग योगदिनाच्या आयोजन समितीचे अध्यक्ष तालीम बघायला आले. बघायला म्हणजे मोबाइलमध्ये. "मॅडम, छान हाये, पन फोटोत सगळ्या हललेल्या येऊन राह्यल्या. एका आसनात थांबवा नं."

"न थांबणं हाच तर क्रम आहे."

"मंग हळू हला."

त्या दिवशी घरी भांडी जरा जोरातच घासली गेली.

योगदिनाला प्रमुख पाहुण्यांची वाट बघून शेवटी आम्ही सुरुवात केली. सुंदर चाललं होतं. निम्म्यात पाहुणे आले. अध्यक्षांनी माझ्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "थांबा, पयले सत्कार." हार झाले, शाल झाली, नारळ झाला. बाया उन्हात उभ्याच. मग माइक माझ्याकडे देत म्हणतात, "टाइम नाही मॅडम, फक्त शेवटचं घ्या."

शेवटचं म्हणजे शवासन. मी सांगितलं, बाया मुकाट्याने आडव्या झाल्या, डोळे मिटले. लगेच अध्यक्षांनी माइक परत घेतला आणि पाहुण्यांचं भाषण सुरू झालं.

आता शवासनातून शिक्षकाने सांगितल्याशिवाय उठायचं नसतं. मी सांगितलं नाही.

पाहुणे नारीशक्तीवर बोलत होते आणि समोर सगळी नारीशक्ती उताणी पडलेली. अध्यक्ष घाम पुसत माझ्या कानाशी आले. "मॅडम, उठवा नं त्याईले. फोटो कसे येतील?"

"छान येतील," मी म्हटलं. "कोणीच हलत नाही."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून, डोळे न उघडता, लताकाकूंनी विचारलं, "मॅडम, भाषन सरलं काय?"

"नाही काकू."

"मंग राहू द्या."