कंपोझिटरच्या चपला

रेक्झिनला एकदा घामाचा वास लागला की तो जात नाही. तसल्या रुपेरी सुटात मी तीन वर्षं टीव्हीवर अंतराळयानाचा कप्तान होतो, म्हणून खात्रीने सांगतो. यान थर्माकोलचं आणि त्याची बटणं म्हणजे बाटल्यांची झाकणं. त्याआधीच्या मालिकेत मी जंगलात खजिना शोधत हिंडायचो आणि दर चार भागांनी त्याच रबरी मगरीशी झुंजायचो. झाली कारकीर्द! कप्तानाची सलामी ठरलेली होती: मूठ छातीवर, मग दोन बोटं आभाळाकडे. लोक तिच्यावर खूश होते, मला शिसारी यायची.

मालिका बंद पडली आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नागपूरला घरी परतलो. धरमपेठेत भाजी घ्यायला गेलो तरी भाजीवाला दोन बोटं वर करायचा. "काहून गा कप्तान, आज पायी पायी? यान बिघडलं का?" लोक हसायचे. मीही लाचारासारखे दात काढायचो.

मला नट समजणारं माणूस गावात एकच उरलं होतं, शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाई. शाळेत असताना रंगमंचावर नुसतं उभं कसं राहायचं हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या तेव्हा एक नाटक बसवत होत्या. त्यात छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्या कंपोझिटरचं काम होतं, तरुण मुलगा गमावलेल्या बापाचं. ते मी अक्षरशः भीक मागावी तसं मागितलं. लोकांनी मला एकदा, फक्त एकदा, साधा माणूस म्हणून बघावं एवढीच माझी इच्छा होती.

"घे," बाई म्हणाल्या. "पण तो चमकणारा माणूस घरी ठेवून येजो."

हौशी नाटकात सामान घरूनच आणायचं असतं. मुलाच्या चपला म्हणून बाईंनी आपल्या यजमानांच्या चपला आणल्या. ते जन्मभर कंपोझिटर होते, वर्षभरापूर्वी गेले होते. मला हे ठाऊक होतं, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

प्रयोगाच्या दिवशी आमच्या नाट्यमंडळाच्या अध्यक्षांनी दारावर 'कप्तान प्रत्यक्ष भेटीला' असा फलक ठोकला. पुढच्या रांगा पोरांनी भरल्या. आपल्याकडे मध्यंतरात कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय नाटक पचत नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी माझा मुलगा मेला होता आणि पाच मिनिटांत त्याच धोतरात, त्याच पडलेल्या खांद्यांवर शाल आणि हातात नारळ! अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "पोट्टे वाट पाहून राहिले, एकदा सलामी होऊन जाऊ द्या!" मी नुसते हात जोडले आणि आत गेलो. विंगेत बाईंनी पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तिसऱ्या अंकाचा शेवट असा: बाप मुलाच्या चपला मांडीवर घेऊन पुसत बसतो, बोलत काहीच नाही, पडदा हळूहळू पडतो. मी पुसत होतो. सभागृह गप्प होतं, पोरंसुद्धा. मागे कुणीतरी हुंदका दिला. जे मागत आलो होतो ते समोर होतं, आणि माझी मात्र तंतरली. टाळी नाही, शिट्टी नाही. मला वाटलं, लोक कंटाळले.

चपला खाली ठेवल्या. मूठ छातीवर गेली. आपोआप नाही, मी नेली. दोन बोटं वर केली.

सभागृह फुटलं. पोरं खुर्च्यांवर चढून शिट्ट्या मारू लागली. पडदा पडल्यावर अध्यक्षांनी मला मिठीच मारली. "पैसा वसूल!"

बाई नाटकात माझी बायको होत्या. केसांना लावलेली पांढरी पावडर पुसत त्यांनी विचारलं, "कोणी मागितलं होतं गा तुले?"

"अध्यक्षांनी..."

"त्यायले तर तू नाही म्हटलं होतं."

मुलाला शेवटचा निरोप म्हणून केलं, असं मी पुढे कैक जणांना सांगितलं. साफ खोटं.  बाईंनी तेव्हा जमिनीवरच्या चपला उचलल्या, पदराने पुसल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि पिशवीत ठेवल्या.

बाहेर पोरं कप्तान, कप्तान ओरडत होती. मी सत्काराची शाल खांद्यावर नीट केली आणि सह्या द्यायला गेलो.